खरखरीचं बटण

आमच्या बंदरावर मला हेडमास्तर म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण वायरलेसच्या सेटवर पाठीमागे असं काही नसतंच, एक बोलतो ते सगळ्यांना ऐकू जातं, त्यामुळे मला ते पहिल्याच हंगामात कळलं. राग आला नाही. उलट बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. रत्नागिरी आणि जयगड यांच्या मधल्या एका खाडीच्या तोंडाशी आमचं बंदर आहे, लहानसंच. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एक खोली, खोलीत टेबलावर सेट, छपरावर उंच अँटेना आणि खुर्चीत मी. सकाळी होड्या बाहेर पडल्या की संध्याकाळी परत येईपर्यंत कोणी समुद्रावरून हाक मारली तर ती ऐकायची आणि उत्तर द्यायचं. दीपगृह मागे पडलं की मोबाइलची रेंज जाते, मग माणसाला हाच एक आधार. थोडक्यात माझं काम म्हणजे ऐकणं. दिवसभर बसून ऐकणं, बस्स. त्या एवढ्याशा कामात मी माती खाल्ली आणि माझा धाकटा भाऊ गेला.

त्याआधी बाजारात माझं रिपेरिंगचं दुकान होतं. गणपती, शिमगा, लग्नं, नमन, सगळ्यांचे अँप्लिफायर माझ्याकडे यायचे आणि तक्रार एकच, आवाज करतोय. अरे बाबा, आवाज करायलाच आणलास ना, असं मी म्हणायचो आणि गिऱ्हाईक ओशाळायचं. पण नको असलेला आवाज कुठला, ते मी मशीन न उघडता सांगायचो. एकसारखं घूं घूं घुमत असेल तर ते लाइटीचं, अर्थिंग धड नाही. आमच्याकडे सगळा जांभा दगड, उन्हाळ्यात खडखडीत कोरडा, त्यात सळई ठोकली तरी जमीन वीज घेत नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून वर रोज बादलीभर पाणी ओतावं लागतं. चटचट, फटफट येत असेल तर कुठेतरी सोल्डर सुटलंय. हे दोन्ही काढलं, सगळं नीट केलं, तरी आवाज वाढवला की तळाशी एक बारीक सूंऽऽ राहतेच. ती कोणाच्या बापाला काढता येत नाही. आयटीआयमध्ये आमच्या सरांनी सांगितलं होतं की तारेच्या आतले कण उष्णतेने हलत असतात, त्याचा तो आवाज, आणि उष्णता कुठल्या वस्तूत नाही? दूरची बारीक हाक मोठी करायला जावं तर ती सूंऽऽ पण तेवढीच मोठी होते. यंत्र दोघांना सारखंच मोठं करतं. त्यातला माणूस कुठला आणि खरखर कुठली, हे कानाने निवडायचं असतं.

माझ्या कानाला ते जमायचं. सोसायटीने मला सेटवर बसवलं ते त्यासाठीच. खरखरीच्या ढिगाखालून कोणी नुसतं खाकरलं तरी कुठल्या होडीवरचा कोण, ते मी सांगायचो. लोक कौतुक करायचे आणि मी फुगायचो.

मी आलो तेव्हा सेटवर नुसता बाजार भरलेला असायचा. सोळा नंबरचा चॅनल हा हाक मारायचा चॅनल. त्यावर ही माणसं बांगड्याचा भाव विचारायची, एकमेकांच्या सासुरवाडीची चेष्टा करायची, एक जण तर गाणी म्हणायचा. वायरलेसवर दोघं एकाच वेळी बोलले तर दोघांचंही ऐकू येत नाही, नुसतं किंचाळणं येतं. मी सगळ्यांना सुतासारखं सरळ केलं. नियम दोनच. पहिला, आधी हाक, मग उत्तर, मग काम. बंदराला तीनदा हाक मारायची, आपलं नाव सांगायचं आणि थांबायचं. मी उत्तर देऊन दुसरा चॅनल देईन, तिकडे जाऊन काय ते बोलायचं. दुसरा नियम, एकाने बंदराला हाक मारली की बाकी सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. मध्ये कोणी बोलला की मी असा काही फाडायचो की त्याने दोन दिवस सेटला हात लावू नये. होडीचे मुख्य असलेल्या, वयाने मोठ्या तांडेलांनाही सोडलं नाही.

भावालाही सोडलं नव्हतं. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी धाकटा, आई गेल्यावर माझ्याच हाताखाली वाढलेला. त्याची छोटी फायबरची होडी होती, तो आणि एक खलाशी, दोघंच जायचे. तोंडाळ भारी. एकदा बंदराला हाक मारली आणि उत्तराची वाट न बघता सुरूच झाला, की दादा, डबा घरी राहिला, हिला सांग उगाच शोधत बसू नको. मी सगळ्या समुद्रासमोर त्याला सुनावलं. हे घर नाही म्हटलं, हाक मार आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस, एवढी अक्कल नसेल तर सेट काढून ठेव. पुढे महिनाभर सगळे त्याला डबेवाला म्हणून चिडवत होते. तो हसला फक्त. पण त्यानंतर त्याच्याइतकी शिस्तीची हाक आमच्या बंदरावर कोणाची नव्हती. तीनदा बंदर, एकदा स्वतःचं नाव, की गप्प.

मग ऑफिसात कॅमेरे आले. चोरी होते म्हणून सेक्रेटरींनी चार कोपऱ्यांत चार कॅमेरे बसवून घेतले, जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या आणि कॅमेऱ्यांचा तो हलका, स्वस्तातला अॅडॅप्टर नेमका माझ्या टेबलामागच्या बोर्डात खोचला. त्या दिवसापासून सेटची खरखर दुप्पट झाली. मी अॅडॅप्टर काढून दाखवला, खरखर खाली. लावून दाखवला, खरखर वर. शेंबड्या पोराला कळेल असं करून दाखवलं. सेक्रेटरी माणूस वाईट नाही, पण त्यांचं म्हणणं, कॅमेरे बंद ठेवता येत नाहीत, बघू, करू. मी अर्थिंगचा खड्डा नव्याने खणला, पाणी ओतलं, वायर फिरवल्या. थोडा फरक पडला, पुरता नाही. दिवसभर कानात तो चुरचुर आवाज घेऊन मी घरी जायचो आणि जेवताना कोणी ताट आपटलं तरी अंगावर धावून जायचो.

आता ते बटण सांगायला हवं. सेटवर एक छोटं बटण असतं. कोणी बोलत नसताना जी खरखर येते ती त्याने दाबता येते. थोडं फिरवलं की सेट गप्प होतो आणि हाक आली तरच तोंड उघडतो. पण जास्त फिरवलं तर जवळच्या मोठ्या होडीची दणदणीत हाक तेवढी आत येते, लांबच्या छोट्या होडीची बारीक हाक बाहेरच राहते. सेटला ती खरखरच वाटते. म्हणून मी ते बटण नेहमी अशा जागी ठेवायचो की अधूनमधून खरखर आत यावीच. कानाला त्रास, पण सगळे ऐकू येतात. हे मी जाणतो, सेक्रेटरी जाणत नाहीत. हे इथेच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी त्यांना दोष द्यायला नको.

नवरात्र होऊन गेलं होतं, दिवाळी यायची होती. दुपारी एक-दीडच्या सुमाराला सेक्रेटरी माझ्या खोलीत आले, त्यांच्या टेबलापाशी फोनला रेंज येत नाही म्हणून. बोलता बोलता कानावर हात ठेवून मला म्हणाले, जरा बंद करा हो ती खरखर. माझं टाळकं सरकलं. आणलीत कोणी ती खरखर, असं मी म्हणालोसुद्धा. आणि रागाच्या भरात ते बटण पार उजवीकडे, शेवटपर्यंत फिरवलं. घ्या, म्हटलं, बोला सुखाने. सेट एकदम मुका झाला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आटपला आणि ते जेवायला गेले.

मी बटण तेव्हाच परत आणायला हवं होतं. पाच मिनिटं बसतो, मग आणतो, असं मनात ठरवलं. काय सांगू, किती बरं वाटलं ते. कॅमेरे आल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकू आला, बाहेर जाळी शिवणाऱ्या माणसांचं बोलणं ऐकू आलं. पाय लांब केले, पेपर उघडला. मध्ये दोन मोठ्या बोटींच्या हाका आल्या, स्वच्छ, मी उत्तरं दिली. त्यामुळे सेट चालू आहे, सगळं ठीक आहे, असंच डोक्यात राहिलं. बटण साफ विसरलो. दुपारनंतर वारा उठला तेव्हाही खिडकी लावून घेतली आणि परत पेपरात डोकं घातलं.

पाच वाजता होड्या लागायला लागल्या तसा मी जेटीवर उतरलो. आमच्याकडचे एक म्हातारे तांडेल आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. समुद्रावर त्यांची उमर गेली. जाळी उतरवता उतरवता त्यांनी मला सहज विचारलं,

"काय रे, भावाचं काय काम होतं?"

कसलं काम, मी म्हटलं.

"तीनच्या सुमाराला हाक मारत होता ना तुला. तीन वेळा मारली, थांबून थांबून. मग गप्प झाला, म्हटलं तुझं उत्तर मला ऐकू आलं नसेल, तू चॅनल बदलून घेतलास."

मी वळलो. जेटीपासून ऑफिसपर्यंत पळत गेलो असेन, आठवत नाही. आठवतं ते एवढंच की खोलीत शिरल्यावर मी आधी माइक उचलला नाही. आधी दाराकडे बघितलं, मागून कोणी येतंय का ते. मग बटण परत डावीकडे, नेहमीच्या जागी आणलं. खरखर भसकन बाहेर आली. त्यानंतर माइक उचलला आणि भावाला हाका मारायला लागलो. नाव घेऊन मारल्या, घरातल्या नावानेही मारल्या. माझा नियम मीच मोडला. खरखरीतून काही म्हणजे काही आलं नाही.

तोवर चाचा आले, सेक्रेटरी आले, दारात माणसं जमली. सगळ्यांनी मला ओरडताना पाहिलं आणि ती खरखर ऐकली. सेक्रेटरी पुढे आले. ते म्हणाले, "एवढ्या खरखरीत कोणाला काय ऐकू येणार? तुम्ही सांगत होतात, मीच ऐकलं नाही." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीतून तो अॅडॅप्टर उपटून काढला. तिथे मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी माइक धरून उभा राहिलो.

चाचा लगेच होडी घेऊन बाहेर पडले, त्यांच्यामागून आणखी तीन होड्या गेल्या. अंधार पडायच्या आत खलाशी सापडला, डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून तरंगत होता. भाऊ तिसऱ्या दिवशी मालगुंडच्या किनाऱ्याला लागला. मी ओळख पटवायला गेलो. त्याबद्दल लिहिणार नाही.

खलाशाने आमच्या घरी येऊन सगळं सांगितलं, माझी भावजय आणि मी समोर बसलो होतो. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात दोरी गुंतली, ती काढायच्या नादात पंख्याच्या दांड्यापाशी फट पडली आणि पाणी आत यायला लागलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं तेव्हा. चाचांची होडी लांबवर दिसत होती, कोणी ओढून न्यायला आलं असतं तर भागलं असतं. भावाने बंदराला हाक मारली आणि थांबला. परत मारली, परत थांबला. खलाशी म्हणाला, मी त्याला सांगत होतो, उत्तराची वाट कसली बघतोस, बोलून टाक, पाणी येतंय म्हणून सांग, चाचा ऐकतील. तर तो म्हणाला, "थांब रे, दादा उत्तर देईल." तिसऱ्या हाकेनंतर माइक हातात धरून तो किती तरी वेळ थांबला होता. तेवढ्यात पाणी बॅटरीपर्यंत चढलं आणि सेट बंद पडला. मग वारा वाढला आणि होडी आडवी झाली.

भावजय हे सगळं ऐकून घेत होती. रडली नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, भावोजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, त्या मेल्या खरखरीने घात केला. आणि मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

पंचनामा झाला, त्यातही तसंच लिहिलं गेलं. सोसायटीची सभा भरली, नवा सेट, नवी अँटेना, खोलीला वेगळी लाइन, सगळं एकमताने मंजूर. माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलले गेले, की हा माणूस आधीपासून कानीकपाळी ओरडत होता. मी खुर्चीत बसून ते ऐकलं. सेक्रेटरी राजीनामा द्यायला निघाले, लोकांनी समजूत काढली. चाचांनी मात्र समुद्रावर जाणं सोडलं. एकदा मशिदीतून परतताना माझ्या खोलीत आले, दाराला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, मी मध्ये बोललो असतो तर? मला वाटत होतं बोलावं. मग तुझी आठवण झाली, म्हटलं हेडमास्तर ओरडेल. एवढा सत्तरीचा माणूस माझ्यासमोर लहान मुलासारखा रडत होता आणि माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, की चाचा, तुमचा काही संबंध नाही, मीच सेटचे कान बंद करून बसलो होतो. नाही बोललो. त्यांना पाणी दिलं.

माणूस किती नीच होऊ शकतो, याचा मला आधी अंदाज नव्हता. सुरुवातीला वाटायचं, आता सांगू, तेरावा होऊ दे. मग वाटलं, दिवाळी जाऊ दे, पोरीची परीक्षा होऊ दे. भावाची मुलगी दहावीला होती. प्रत्येक दिवसागणिक सांगणं आणखी जड व्हायचं. नवा सेट आला, चांगला आहे, खरखर नावाला. मी त्याचं बटण डावीकडे पार उघडं ठेवायला लागलो, तळाची ती बारीक सूंऽऽ दिवसभर कानात घेत बसायला लागलो. लोक म्हणायचे, कशाला त्रास करून घेतोस. त्यांना वाटायचं मी भावाला शोधतोय. मी फक्त स्वतःला शिक्षा करत होतो, आणि तीही फुकटची, कारण तिने कोणाचं काही भलं होत नव्हतं.

उन्हाळ्यात एका दुपारी मी सुट्टी टाकून घरी होतो. भावजय मागच्या पडवीत सोलून वाळवलेली कोळंबी, सोडे, निवडत बसली होती. ती आता तेच विकते. मी समोर जोत्यावर बसलो. तिने बोलता बोलता सांगितलं की पोरगी म्हणते तिला वायरलेसचं शिकायचंय, काकासारखं, म्हणजे परत कोणाच्या घरी असं व्हायला नको. हे तिने अभिमानाने सांगितलं. मला पुढे ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. सेक्रेटरींचा फोन, माझा राग, बटण, पाय लांब करून वाचलेला पेपर, सगळं. काही लपवलं नाही. खोलीत शिरल्यावर आधी दाराकडे बघितलं, तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, मी विसरलो गं, माझ्याकडून चूक झाली.

तिचे हात थांबले होते. ओरडेल, मारेल, सुपडं अंगावर फेकेल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तेच हवं होतं. तिने फक्त विचारलं, चाचांना सांगितलंत? मी नाही म्हटलं. सेक्रेटरींना? नाही.

तिने निवडलेले सोडे सुपड्यात एकीकडे सारले. मग म्हणाली,

"दुपारभर विसरलात, ते समजलं मला. माणूस विसरतो. पण माणसं यायच्या आत बटण परत फिरवायचं, ते बरं विसरला नाहीत."

सुपडं उचलून ती आत गेली.